पाडव्याचा मुहूर्त आणि दुसरी डिस्क

खून, दरोडे, पळवापळवी, नोकरीत सगळं पाहून झालं. तरी निवृत्तीनंतर कोणी म्हणालं, "साहेब, एखादी केस सांगा," की मला हटकून आठवते ती कोथरूडच्या एका वधू-वर सूचक केंद्राची. त्यात रक्त सांडलं नव्हतं की तिजोरी फुटली नव्हती. चोरीला गेलेली वस्तू तर पंचनाम्याच्या वेळी जागच्या जागी होती. नावं कोणाचीच सांगणार नाही, कारण त्यातली बहुतेक माणसं अजून त्याच रस्त्यावर भाजी घेतात.

दिवाळी होऊन महिना-दीड महिना झाला असेल. सकाळची हजेरी आटोपली होती, ठाणे अंमलदार रात्रीच्या नोंदी पुऱ्या करत होता. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तक्रार अर्ज घेऊन आले. सायबरवाल्यांकडे जाऊन आले होते, त्यांनी हद्द आमची म्हणून आमच्याकडे धाडलं होतं. अर्ज नीटनेटका होता.

"मुलीला लहानपणी फिट्स यायच्या. बऱ्या होऊन कित्येक वर्षं झाली, औषधसुद्धा बंद आहे. केंद्राच्या बाईंना आम्ही विश्वासाने सांगितलं. त्या म्हणाल्या, फॉर्मवर नको, मी खासगी शेऱ्यात ठेवते. मुलगा पसंत पडला की तुम्हीच समोर बसून सांगा. समोर बसण्याआधीच मुलाच्या आईला कोणाचा तरी फोन गेला. लग्न मोडलं साहेब."

फोन लग्न जुळवणाऱ्या एका नव्या ॲपतर्फे होता. 'ते स्थळ फिट्सचं आहे, आमच्याकडे निरोगी स्थळं आहेत,' असं एक मुलगी बोलली. नंबर कॉल सेंटरचा निघाला. त्यांचं म्हणणं, आम्हाला यादी येते, आम्ही फोन करतो. यादी देतो कोण, हे सांगायला त्यांनी नोटीस मागितली, मग वकिलाला विचारायला वेळ मागितला. तोवर हात बांधून बसण्यात अर्थ नव्हता. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षकानेच करायचा असतो, तेव्हा मीच केंद्रात गेलो.

सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्या. दारावर पाटी: 'चौकशी दहा ते एक. एकनंतर बेल वाजेल, दार उघडणार नाही.' आत दुसरी: 'पत्रिका जुळते का ते आम्ही सांगू. मुलगा बरा आहे का ते आपण पाहावे.' केंद्र चालवणाऱ्या बाई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मला त्यांनी बसा म्हणायच्या आधी पायपुसण्याकडे बोट दाखवलं.

कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता. "साधा नाही हो, वर्कस्टेशन आहे," बाई म्हणाल्या. तो बसवून देणारा कॉम्प्युटरवाला बिबवेवाडीचा. त्याला बोलावून घेतलं. त्याने अभिमानाने सगळं दाखवलं. पुढच्या बाजूला दोन छोटे ड्रॉवर, प्रत्येकात एक डिस्क. एकीवर लिहिलेलं तत्क्षणी दुसरीवर उमटतं, आरशासारखं. एक बिघडली तरी काम चालू राहतं. बिघडलेली बदलायची तर पेचकससुद्धा लागत नाही, ड्रॉवर ओढला की डिस्क हातात. आणि मशीन चालू केलं की विंडोज यायच्या आधीच पासवर्ड मागतं.

"हा मदरबोर्डमध्ये बसवलेला पासवर्ड आहे साहेब. तो दिल्याशिवाय मशीन पुढे हलत नाही. इंटरनेट नाही, पेन ड्राइव्हचे सॉकेटही बंद केलेत. माझ्या सिस्टीममधून बाहेर काही जाऊच शकत नाही."

"मग गेलं कसं?"

"ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याला विचारा."

पासवर्ड तिघांना माहीत होता. कॉम्प्युटरवाला बसवून गेल्यापासून इकडे फिरकलेला नव्हता. बाईंच्या तो लक्षात राहत नसे. उरली ती तिथे काम करणारी ताई. तिला सगळे ताईच म्हणत, मीही तेच म्हणतो. चाळिशीची, नवऱ्यापासून वेगळी झालेली, कर्वेनगरला वडिलांबरोबर राहणारी. घर तिच्या पगारावर चालायचं. लोकांच्या घरातल्या नाजूक गोष्टी ऐकून पोटात ठेवायच्या, हेच तिचं काम. त्यातच नाव खराब झालं असतं तर तिला पुण्यात कोणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

"माझा फार विश्वास होता हो तिच्यावर," बाई म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या सोसायटीत आमची गाडी गेली. महिला अंमलदाराने रीतसर नोटीस बजावली आणि तिला घेऊन आली. गाडी गेटपाशी उभी राहिली, वॉचमनने घर दाखवलं, चार खिडक्यांचे पडदे हलले. आमच्या दृष्टीने हे रोजचंच काम असतं.

मी बरीच चौकशी केली. चोर माणसाची एक खोड असते: तुम्ही त्याच्याकडे पाहिलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि ते बोट आधीपासून तयार असतं. तिला मी विचारलं, "तुमचा कोणावर संशय?"

"कोणावर नाही."

"एखादं नाव तरी सांगा. तुमच्याच फायद्याचं आहे."

"साहेब, मी स्थळं जुळवते. माहीत नसताना दोन नावं एकत्र जोडायची नाहीत, एवढं तरी शिकले आहे."

रडली नाही. फक्त एकदा विचारलं, "वडिलांना मी बँकेत जाते म्हणून सांगून आले. इथून किती वाजता सुटेन?" कागदावर सगळं तिच्या विरुद्ध होतं आणि मन काही केल्या तिकडे झुकत नव्हतं. अशा वेळी मी गुन्ह्याबद्दल बोलणं थांबवतो. चहा मागवला आणि म्हटलं, "कॉम्प्युटरचं रोजचं काम सांगा. सकाळी आल्यापासून. काही वेगळं झालं असेल तर तेही."

ती आठवून सांगू लागली. वेगळं म्हणजे दिवाळीनंतर केंद्र उघडलं त्या दिवशी मशीन दिवसभर मंद चाललं होतं. फाइल उघडायला सांगून चहा करून यावं, इतकं. कोणी काही करत नसतानाही डिस्कचा दिवा लुकलुकत होता. तिने कॉम्प्युटरवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, बंद करून चालू करा.

"आणि त्याआधी पाडव्याला एक इंग्रजी मजकूर आला होता."

"पाडव्याला? केंद्र तर बंद होतं ना?"

"मुहूर्त करतो ना आम्ही. पूर्वी वहीची पूजा व्हायची, आता कॉम्प्युटरची. बाईंनी हळद-कुंकू वाहिलं, मी पासवर्ड टाकून एक नाव भरलं आणि बंद केला. चालू करताना मध्येच दोन ओळी आल्या, पुढे जायला बटण दाबा म्हणून. मी दाबलं. बाई म्हणाल्या, सणाच्या दिवशी त्याला दुखणं कशाला विचारतेस."

कॉम्प्युटरवाल्याला पुन्हा बोलावलं. तो आधीच्याच तोऱ्यात आला. मी त्याला ताईचं म्हणणं शब्दाला शब्द ऐकवलं. पाडव्याचा मजकूर ऐकून तो सावरून बसला, मंद चाललेल्या दिवसाचं ऐकल्यावर त्याचा तोरा उतरला.

"साहेब, पाडव्याला मशीनमध्ये एकच डिस्क होती. तेच ते सांगत होतं, की जोडी मोडली आहे. दिवाळीनंतर दुसरी परत लागली. मधल्या काळात भरलेलं नाव तिच्यावर नव्हतं, म्हणून मशीन दिवसभर पहिलीवरून दुसरी नव्याने भरत बसलं."

"म्हणजे कोणीतरी डिस्क काढून नेली आणि आणून ठेवली?"

"हो."

"आणि तुमचा तो पासवर्ड?"

"तो मशीनचा आहे. डिस्क बाहेर काढली की तिला पासवर्ड नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की सगळं उघडं. डिस्कलाही कुलूप घालता येतं, पण..." तो थांबला. "वाड्याच्या दिंडीदरवाजाला अडसर घातला आणि परसदार सताड उघडं ठेवलं, असं झालं माझं."

माणसाला राग यावा असं त्याचं आधीचं वागणं होतं. पण स्वतःच्या हातच्या कामातली खोट आपल्या तोंडाने सांगायला छाती लागते, आणि ती त्याने दाखवली. पंचांसमोर त्याने तशाच दुसऱ्या मशीनची एक डिस्क काढून दाखवली. कोणताही पासवर्ड न देता ती बाहेर उघडली. केंद्रातल्या मूळ डिस्क आम्ही सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवल्या.

आता प्रश्न चावीचा. बाईंकडे गेलो.

"दिवाळीत केंद्राची चावी कुठे होती?"

"माझ्या घरी, खुंटीला."

"घरी कोण कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"दिवाळीत कोणीच नाही?"

"अहो, म्हणजे मुलगी-जावई होते. पहिला दिवाळसण होता त्यांचा. ते काय, घरचेच."

मी पहिल्या दिवशी बाईंना आत कोण कोण येतं ते विचारलं होतं, तेव्हाही त्यांनी प्रामाणिकपणे उत्तर दिलं होतं. त्यांच्या मोजणीत जावई येतच नव्हते. ज्यांना पाटावर बसवून अंगठी घातली, ते येणाऱ्या-जाणाऱ्यांत कसे धरायचे?

जावई संगणक क्षेत्रातले. ठाण्यात आले ते पाठीला लॅपटॉपची बॅग लावून, अगदी निवांत. मी थेट विचारलं, "दिवाळीत सासूबाईंच्या मशीनमधली डिस्क नेली होती?"

"हो, नेली होती. कॉपी केली आणि भाऊबीजेनंतर परत लावली. सर, इट्स फॅमिली डेटा. आईंना पुढे मागे आमच्या कंपनीच्या ॲपवरच यावं लागणार होतं. मी त्यांना सरप्राइज देणार होतो. चोरी कशी होईल? वस्तू जागेवर आहे ना?"

"मग चालू मशीनसमोर बसून, त्यांना विचारून का नाही घेतलं?"

प्रश्नाला बगल देऊन ते म्हणाले, "मशीन बंद असताना काढली, बंद असतानाच लावली. मध्ये ते चालू झालं नसतं तर कोणाला कळलंही नसतं. ते पूजेचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"आणि खासगी शेरे? ते फोन करणाऱ्या मुलींच्या हातात कसे गेले?"

"सगळे कॉलम एकत्रच इम्पोर्ट झाले. मी वाचले पण नव्हते."

हे मात्र खरं असावं. एका मुलीचं लग्न मोडायला त्यांना ते वाचण्याचीही गरज पडली नाही. मला त्यांचा फार राग आला, तो अजून गेलेला नाही. पुढे कॉल सेंटरचं उत्तर आलं, त्यात यादी जावयांच्याच कंपनीकडून आल्याचं होतं. प्रयोगशाळेचा अहवालही जुळला. दोषारोपपत्र गेलं.

त्याआधी बाई मला भेटायला आल्या. पायपुसण्याकडे बोट दाखवणाऱ्या त्या बाई माझ्या टेबलासमोर उभ्याच राहिल्या. "अहो, घरचंच प्रकरण आहे. माझ्या लेकीच्या संसाराचा प्रश्न आहे. मिटवता नाही येणार?"

"तक्रार तुमची नाही बाई, त्या मुलीच्या वडिलांची आहे. आणि ताई इथे या खुर्चीवर बसली होती, तेव्हा घरचं प्रकरण आहे असं तुम्ही म्हणाला नव्हतात."

जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "खरं आहे." मुख्याध्यापिका होत्या, चूक कळली की मान्य करायची सवय असावी.

ताईला मी स्वतः फोन केला. आता तुमच्यावर काही नाही, निर्धास्त राहा, असं सांगितलं. मला वाटलं ती आभार मानेल आणि विषय संपेल.

"साहेब, हे तुम्ही मला सांगताय. मला माहीतच होतं," ती म्हणाली. "मला नेलं तेव्हा सोसायटीने पाहिलं. त्या दिवसापासून शेजारच्या काकू डब्याची देवाणघेवाण करत नाहीत. बाबा संध्याकाळी कट्ट्यावर जायचे बंद झालेत. त्यांना कोणी सांगायचं?"

"मग मी काय करू?"

"त्याच गाडीने या. युनिफॉर्ममध्ये, रविवारी सकाळी, सगळे खाली गाड्या धूत असतात तेव्हा. चहाला या."

नोकरीत असं निमंत्रण मला त्याआधी कधी आलं नव्हतं. आधी मी तक्रार घेऊन आलेल्या गृहस्थांना फोन केला आणि ताईचा त्यात काही संबंध नव्हता हे सांगितलं. मग रविवारी तीच गाडी आणि तीच महिला अंमलदार घेऊन कर्वेनगरला गेलो. गेटपाशी स्कूटर पुसणाऱ्या एका सद्गृहस्थांनी अगदी पुणेरी थाटात विचारलं, "काय साहेब, आज कोणाला घेऊन जायचंय?"

"कोणाला नाही. चहा प्यायला आलोय, ताईंकडे."

वर तिच्या वडिलांनी धुवट लेंगा-सदरा घातला होता. खुर्च्या हॉलमध्ये मांडलेल्या होत्या. मी एक उचलली आणि गॅलरीत नेऊन ठेवली. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, मग त्यांनीही आपली खुर्ची शेजारी आणली. खालून सगळं दिसत होतं. चहा कमी साखरेचा होता आणि मला गोड लागतो, पण मी दोन कप घेतला.

पुढे ती केंद्रात परत गेली. बाई तिला न्यायला घरी आल्या होत्या. तिने एकच अट घातली, ती म्हणजे चावी तिच्याकडे राहील. कॉम्प्युटरवाल्याने डिस्कलाही कुलूप घातलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

त्यानंतरच्या नोकरीत 'इथे कोणी आलं होतं का' असं मी कधी विचारलं नाही. 'घरचं कोण आलं होतं' हा प्रश्न आधी, मग बाकीचे. आणि ज्याला गाडीत घालून आणलं आणि जो निर्दोष निघाला, त्याच्या दारात शक्यतो स्वतः जायचं, हा नेम केला. संशय आपोआप घरोघरी पोचतो. खुलासा मात्र कोणीतरी नेऊन द्यावा लागतो.

त्या रविवारी मी निघालो तेव्हा बाबा माझ्याबरोबर जिना उतरून खाली आले. मला वाटलं, निरोप द्यायला. पण गाडी वळली तेव्हा आरशात पाहिलं, तर ते परत वर गेले नव्हते. काठी टेकत कट्ट्याकडे चालले होते, आणि तिथले दोघे त्यांच्यासाठी सरकून जागा करत होते.