दाजींबरोबर गंगापूरला

नंदाताईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. नंदाताई माझी मावसबहीण, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात राहते. "दोन दिवस येतीस का? वेरूळ-अजिंठा नाय दाखवणार तुला. नुसती माझ्याजवळ बस," एवढंच म्हणाली. शनिवारी सकाळी मी पुण्याहून बस धरली.

तुम्ही जाणार असाल तर उजाडायच्या आत निघा, नाहीतर शिक्रापूरपर्यंतच जीव जातो. पाच-सहा तास धरून चाला. गोदावरीवरचा कायगावचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना ऊस आणि वेचणीला आलेला कापूस दिसतो. एरवी मी अशा जागी फोटो काढते. या वेळी नाही काढले.

घरी पोचले तर दाजी, म्हणजे ताईचे मिस्टर विजय, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खोलीत बसले होते. कामावर जायचं नव्हतं. "रोज असेच तयार होतात," ताई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली आणि भाकरी थापता थापता तिचे डोळे भरून आले.

दाजी एका कारखान्यात सुपरवायझर. दिवाळीनंतर त्यांच्या शिफ्टमध्ये किरण नावाचा कामगार प्रेस मशिनमध्ये सापडला आणि दवाखान्यात नेताना वाटेतच गेला. काम भराभर उरकावं म्हणून हात आत गेला की मशिन थांबवणारा सेफ्टी सेन्सर बंद ठेवलेला होता. तसं वरूनच सांगितलेलं. आता चौकशी लागली होती, आणि सेन्सर किरणनंच बंद केला असं दाजींनी सांगावं, असा कंपनीकडून निरोप येत होता. तोवर दाजींना घरी बसवलं होतं.

संध्याकाळी जाधव आले. कारखान्यात दाजींच्या लायनीवरचे, इतक्या वर्षांचे सोबती. ताईनं चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

"विजयराव, खोटं बोला म्हणत नाय मी. आठवत नाय म्हणा, बास."

"आठवतंय ना पण."

"प्लांट बंद पडला तर? माझी पोरगी नर्सिंगला हाये. समद्यांच्या घरच्या चुली हायेत. गेलेला तर काय परत येत नाय."

"व्हय, नाय येत," दाजी म्हणाले. "जाधव, सेन्सर बंद हाये हे म्हाईत असून मी बी मशिन चालू दिली. ते बी सांगणार हाये मी."

जाधव उठले. दारात चपला घालताना त्यांना हुंदका आला. "मग तुमचा माझा संबंध संपला," असं म्हणून ते गेले. दाजी त्यांच्यामागं फाटकापर्यंत गेले आणि रस्त्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

रविवारी सकाळी आम्ही तिघं विद्यापीठामागच्या लेण्यांत गेलो. औरंगाबाद लेणी म्हणतात त्यांना. वेरूळच्या गर्दीत लोकांना ही आठवतच नाहीत. रिक्षा ठरवताना परतीचंही बोलून ठेवा, वर गाडी मिळत नाही. पायऱ्या चढणीच्या आहेत, पाणी सोबत घ्या. सातव्या लेण्यात बोधिसत्त्वाच्या दोन्ही बाजूंना माणसाची भयं कोरली आहेत: आग, तलवार, बेड्या, बुडती नाव, सिंह, साप, हत्ती, मरण. ताई एकेक निरखून बघत होती. "नोकरी जायचं भ्या नाय कोरलेलं हितं," ती म्हणाली. दाजी आत जाऊन बसले, डोळे मिटून. मी शेजारी बसले. त्यांचा श्वास संथ होता.

उठल्यावर म्हणाले, "गंगापूरला जायचंय. किरणच्या आईकडं. चौकशीच्या आधी गेलं पाहिजे."

स्टँडवरून गंगापूरची एसटी मिळते, तिथून पुढं गावापर्यंत शेअर जीप. माणसं भरल्याशिवाय ती हलत नाही. त्या वेळात स्टँडसमोर आम्ही भजी घेतली, पण ती कागदातच राहिली.

किरणची आई, कौसाबाई, ओट्यावर बसून कापसातला कचरा काढत होत्या. दाजींनी हात जोडून नाव सांगितलं. कौसाबाईंनी सतरंजी टाकली, आम्हाला पाणी दिलं, आणि हातातलं काम बाजूला ठेवून समोर बसल्या.

"तुमी व्हता ना जवळ?"

"व्हय मावशी."

"समदे म्हणत्यात, त्याला काय कळलंच नाय. झटक्यात गेला." त्या दाजींकडे एकटक बघत होत्या. "लई दुखलं का वं त्याला?"

ताईनं माझा हात घट्ट धरला. मनातल्या मनात मी दाजींना सांगत होते, नाही म्हणा. इथं तरी नाही म्हणा.

"व्हय," दाजी म्हणाले. "लई दुखलं. गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं."

"मला हाक मारली का?"

"नाय मावशी. पाणी मागितलं त्यानं."

"मग?"

"ओठ भिजवले मी. घोटभर प्यायला."

"प्याला ना?" कौसाबाई म्हणाल्या. "प्याला ना माझा बाबा?" आणि पदर तोंडाशी धरून त्या मोठ्यानं रडल्या. शेजारणी धावत आल्या. एकीनं मला सांगितलं, तो गेल्यापासून बाई पहिल्यांदाच रडतेय. येताना जीपमध्ये दाजी खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते.

सोमवारी मी पुण्याला परतले. पुढं चौकशी झाली. दाजींनी जे होतं ते सांगितलं, स्वतःची चूकही सांगितली. निकालात दोष किरणचाच निघाला. दाजींना कामावर परत घेतलं नाही. आता ते शहरातल्या छावणी भागात एका स्पेअर पार्टच्या दुकानात बसतात. रस्त्यात दाजी दिसले तर जाधव दुसऱ्या बाजूनं जातात.

खरं बोलून माणसाला शांती मिळते, असं तुम्हाला सांगायला मला आवडलं असतं. दाजींना अजून नीट झोप लागत नाही.

निकाल लागला त्या दिवशीचं ताईनं मला फोनवर सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून दाजींनी स्वतः कौसाबाईंना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तुमी काय सांगितलं, त्ये मला म्हाईत हाये." मग विचारलं, "जेवला का?"

"नाय," दाजी म्हणाले.

"आधी जेवा," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.