आक्काच्या गालावरच्या खुणा

आक्काला कॅन्सर झाला होता आणि मी तिला सांगितलं, दाताच्या मुळाशी गळू आहे. ही माझी चूक. आमचे नातेवाईक आजही म्हणतात, "तू केलंस तेच बरोबर, असं तोंडावर कोण सांगतं?" हे मी आता ऐकून घेत नाही. ते बरोबर नव्हतं. त्यात माया होती, पण भित्रेपणा जास्त होता, आणि शिकलेल्या माणसाचा माज त्याहून जास्त.

आक्का माझी थोरली बहीण. लालबागच्या चाळीत एकटी राहायची, गिरणीत रिळं भरायच्या खात्यात होती. तिच्या मजुरीवर मी शिकलो, फोर्टात कारकून झालो, दादरला बिऱ्हाड केलं. तिच्या गालाला आतून जखम झाली आणि ती भरेना, तेव्हा मीच तिला परळच्या एका इस्पितळात नेलं.

तिथले एक तरुण डॉक्टर क्ष-किरणांच्या उपचारावर संशोधन करत होते. एरवी किरणांचे मोठे डोस थोड्या दिवसांत देत. गाठ जळायची, पण तोंड आतून सोलवटून निघायचं, कातडी करपायची. तेच किरण लहान लहान डोसांत, रोज, जास्त आठवडे दिले तर माणूस कमी भाजेल आणि गाठही जाईल का, हे त्यांना बघायचं होतं. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "बाईंना सगळं नीट सांगा. त्यांची तयारी असेल तरच. आणि एकदा सुरू केलं की मध्ये खाडा चालणार नाही."

"मी सांगतो," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिला न विचारताच तिचा होकार कळवून टाकला. तिला म्हणालो, "रोज शेक घ्यायचाय, गळू बसेल."

किरण नेमके कुठे सोडायचे ते कळावं म्हणून तिच्या गालावर जांभळ्या शाईने रेघा मारल्या. आरशात बघून ती म्हणाली, "शिमगो येवच्या आधीच माका रंगवल्यानी."

तेव्हा मुंबई महाराष्ट्रालाच मिळावी म्हणून गिरणगाव पेटलं होतं. रोज सभा, रोज मोर्चे. आक्काच्या खात्यातल्या बायकांनी सत्याग्रहाची तुकडी काढली आणि ती तिच्यात गेली. गळवाचा शेक चार दिवस चुकला तर काय बिघडतं? ती पकडली गेल्याचं मला तिच्या चाळीतल्या शेजारणीने सांगितलं. मी निदान इस्पितळात जाऊन कळवायला हवं होतं. नाही गेलो. गेलो असतो तर माझं खोटं उघडं पडलं असतं.

ती सुटून आली ती घोषणांनी घसा बसलेली आणि खुशीत. गालावरच्या रेघा धुऊन गेल्या होत्या. डॉक्टरांनी तिचा गाल पाहिला आणि ते हताशपणे खुर्चीत बसले.

"बाई, खाडा करायचा नाही, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

आक्काने माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "सांगितलं होतं, डॉक्टर. विसरली ती."

पहिलं खोटं मी तिला सांगितलं होतं. हे दुसरं तिच्यासमोर, तिच्यावरच ढकललेलं. डॉक्टरांच्या देखत तिने मला उघडं पाडलं नाही. बाहेर फुटपाथवर आल्यावर मात्र पदर खोचून उभी राहिली.

"माका काय झालाहा, सांग."

"आधी घरी चल, मग बोलू," मी म्हणालो. ती वळली आणि एकटीच परत डॉक्टरांकडे आत गेली. परत आली ती खूप वेळाने.

"मी शिकाक नाय, म्हणान माझ्या गालाचा तू ठरवतलंस?"

"आक्का, तू खचशील असं वाटलं."

"पोलिसांच्या गाडीत बसताना खचलंय नाय मी. म्हायत असता तरी मी गेलं असतंय. पण समजान गेलं असतंय." मग म्हणाली, "उद्यापासून तू येव नको."

मध्ये खंड पडल्यामुळे संशोधनात तिला इतर रोग्यांच्या बरोबरीने मोजता येणार नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. उपचार मात्र पुढे चालू राहणार होते. त्यावर ती काय म्हणाली ते डॉक्टरांनीच मला नंतर सांगितलं: "मोजा नायतर मोजू नका, माका बरा करा. आणि पुढच्या बाईक घेशात तेव्हा तिकाच इचारा, भावाक नको."

रेघा पुन्हा मारल्या गेल्या. ती पदराआड तोंड लपवेल असं मला वाटलं होतं. ती तशीच उघड्या तोंडाने लालबागच्या रस्त्याने जायची, सभेलाही जायची. चाळीच्या नळावर बायका आपल्या कळशा बाजूला सरकवू लागल्या, तेव्हा ती तिथेच उभी राहून म्हणाली, "बघतास काय गो? कॅन्सर आसा. शिवल्यान नाय होणा. मिश्रीन होता म्हणतत डॉक्टर. काढा बघू आपापली डबी." शेजारीण सांगत होती, दोघीतिघींनी मिश्रीच्या डब्या मोरीत रिकाम्या केल्या. बाकीच्या चिडल्या. कळशा मात्र त्यानंतर कुणी बाजूला सरकवल्या नाहीत.

जखम भरली. गालावर काळसर डाग राहिला, तोंड पूर्ण उघडेना. भाकरी दुधात कुस्करून खायची. तो खंड पडला नसता तर जबडा एवढा आखडला नसता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मला ठाऊक नाही." हे उत्तर मी आजवर बाळगून आहे.

आक्का माझ्याशी बोलायची, पण आजाराविषयी नाही. तपासणीला एकटी जायची. एकदा मी न विचारता तिच्या आधीच इस्पितळात जाऊन बसलो. ती म्हणाली, "आज काय, हापिसात संप?" मी तिच्या मागोमाग आत गेलो. खोटं डॉक्टरांसमोर बोललो होतो, ते मागे घ्यायचंही त्यांच्यासमोरच होतं. घरी गुपचूप माफी मागणं म्हणजे पुन्हा तीच लपवाछपवी झाली असती.

"डॉक्टर," मी म्हणालो, "त्या दिवशी ही विसरली नव्हती. मी हिला काहीच सांगितलं नव्हतं. खाड्याचं नाही, आजाराचंही नाही. तिचा होकारही मीच दिला होता."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. आक्का खिडकीबाहेर पाहत होती. मी तिच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिलो.

"आक्का, मी तुला फसवलं, आणि अंगाशी आलं तेव्हा दोष तुझ्यावर टाकला. माझं चुकलं. मला माफ कर."