धीर द्यायचा नाही

हौशी माणसांना अवकाशात फेरी मारून आणणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे वाचनबाई म्हणत. काम एकच. उड्डाणाआधी प्रवाशाला आणि त्याच्या घरच्यांना समोर बसवायचं आणि करारनामा शब्दन् शब्द वाचून दाखवायचा. यान फुटू शकतं, जीव जाऊ शकतो, आणि काही बरंवाईट झालं तर आम्ही किंवा आमचे वारस कंपनीवर दावा लावणार नाहीत. मग विचारायचं, "समजलं?" आणि सही घ्यायची.

कंपनीच्या वकीलसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पाणी द्या, रुमाल द्या, पण धीर देऊ नका. तुम्ही 'काही होत नाही' म्हणालात की ती सही गेली पाण्यात. उद्या कोर्टात तेच वाक्य आपल्या डोक्यावर बसेल."

ही सवय बाईंच्या अंगात इतकी मुरली की घरच्यांचे हाल. लेकीने परीक्षेला निघताना विचारलं, "आई, पेपर चांगला जाईल ना?" तर ही म्हणे, "शक्यता आहे." नवऱ्याची हसून हसून मुरकुंडी वळली. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी मात्र बाईंना दवाखान्यात नेलंच नाही. म्हातारीनेच सांगितलं होतं, "हिला आणू नका रे, मी टेबलावरून उठून पळेन."

अशा बाईची जीभ घसरली ती घड्याळवाल्या काकांच्या वेळी. काकांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली आणि म्हातारपणी दुकान विकून यानातली एक जागा घेतली. शेजारी काकू बसलेल्या. "जीव जाऊ शकतो" इथपर्यंत वाचन आलं आणि काकूंनी हातातलं पेन खाली ठेवलं. काकांचं लक्ष खिडकीबाहेर, यानाकडे. काकू हळूच म्हणाल्या, "बाई, तुम्ही इथल्याच. खरं सांगा, येतील ना हे परत?"

"येतील हो काकू. काही होत नाही."

काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला, पेन उचललं आणि झरकन सही केली.

खोलीतलं सगळं बोलणं ध्वनिमुद्रित होई, पण अपघात झाला तरच ते कुणी ऐके. म्हणजे गप्प बसलं तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण बाईंना घरी चैन पडेना. भाजी करपली, नळ वाहता राहिला. शेवटी तिने नवऱ्याला सांगितलं.

"अगं मग गप्प बस की," तो म्हणाला. "उद्या काही झालंच, तर त्या काकूला भांडायला तुझं ते वाक्य तरी हाताशी राहील. तुझी नोकरी जाईल, पण तिचं भलं होईल."

त्याचंही खोटं नव्हतं. तरी बाई या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालत राहिली. कोर्टाचं काय ते पुढचं पुढे. आज मात्र काकूंनी तिच्या शब्दावर नवऱ्याला होकार दिला होता, आणि त्या शब्दाला कवडीचाही आधार नव्हता. याचीच तिला लाज वाटत होती.

सकाळी तिने काकूंना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. वाक्य खोटं होतं हेही, आणि त्याच वाक्यावर उद्या दावा लावता येईल हेही.

काकूंनी चष्मा काढला. "मग खरं काय?"

"मला माहीत नाही, काकू. कुणालाच नाही."

"यांना नको म्हणू?"

"तेही मला सांगता येणार नाही."

काकू चिडल्या. "धड धीरही देत नाही, धड अडवतही नाही! कसली हो तुमची नोकरी?" मग चष्मा पुसत म्हणाल्या, "जन्मभर लोकांची घड्याळं बघत बसला माणूस. जाऊ दे त्यांना एकदा. चला, परत वाचा. दावाबिवा मला नको. पण आता मधे गोड बोलू नका."

वकीलसाहेबांना कळवून वाचन पुन्हा झालं. साहेब भडकले, पण नोकरी राहिली. काकूंनी या वेळी प्रत्येक ओळ ऐकली आणि सावकाश सही केली.

उड्डाण बघायला बाई कधीच जात नसे. त्या दिवशी गेली. नातेवाइकांच्या गॅलरीत काकू एकट्याच बसल्या होत्या. यान सुटलं, काचा थडथडल्या आणि बाईंचे पाय जागेवर ठरेनात. ती उठे, काचेशी जाई, परत येई, पुन्हा उठे.

काकूंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "बसा हो. काही होत नाही."

बाईंनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं.

"मी कुठे कंपनीची आहे?" काकू म्हणाल्या. "मला म्हणता येतं."

त्यांचा हात गारठलेला होता. बाईंनी तो दोन्ही हातांत घट्ट धरला आणि, खरं सांगायचं तर, तिला ते 'काही होत नाही' पटलं.