फुटलेलं इंजिन आणि आई

जळक्या ऑइलचा वास आला की मला घोडबंदर रोडवरची ती रविवारची सकाळ आठवते. इंजिनाची ताकद वाढवणारा नवा टर्बो परवडत नव्हता, म्हणून कुर्ल्याच्या भंगारातून आणलेला जुनाच मी आमच्या छोट्या गाडीला बसवला होता, तोही मुलुंडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. गाडी रस्त्यावर पळवून ट्यूनिंग करताना टर्बोच्या दाबाच्या काट्यावर लक्ष ठेवायला दुसरं कोणी मिळेना, तेव्हा आईलाच शेजारी बसवलं. आधी ती नुसती कुरकुरत होती. मग टर्बोची शिट्टी वाजली, गाडीने आम्हाला सीटमध्ये मागे दाबलं आणि आई म्हणाली, "दाब अजून वाढतोय गं, सोडू नकोस." मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला नाही. पुढच्या चढावर धाडकन आवाज झाला, मागे निळसर धूर पसरला आणि गाडी थांबली. जास्तीच्या दाबाने इंजिनातला पिस्टन फुटला होता. मला रडू आवरेना. गाडी ओढून न्यायला आलेल्या टोइंगवाल्याने बॉनेटमध्ये डोकावून विचारलं, "कुठल्या गॅरेजवाल्याने वाट लावली हो?" आईने पदर खोचला. "गॅरेजवाला कशाला? बनवलं माझ्या मुलीने. फोडलं आम्ही दोघींनी." आज मी बनवलेली इंजिनं टिकतात, लोक नावाजतात, पण तिच्या शेजारी उभं राहून तेव्हा वाटला तेवढा अभिमान मला अजून कशाचाच वाटलेला नाही.