पडद्यावरचा श्वास

आधी स्पिरिटचा वास आला, मग मेधा शेजारच्या खुर्चीत येऊन टेकली. माझी ही भाची डॉक्टर आहे. त्या सकाळी वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याच्या लेकीला तिलाच सांगावे लागले होते, "बाबा नाहीत."

"मावशी, मी झोपले तर उठवू नकोस गं," एवढेच ती बोलली.

फिल्म क्लबात दुपारी ब्राझिलियन चित्रपट होता. नदीकाठच्या गावात आलेला एक तरुण डॉक्टर प्रेम शोधत होता, आणि जगण्याचा अर्थही. दोन्ही जिच्यापाशी सापडले, ती शेवटी तापाने गेली. तपकिरी पाण्यावरून परतलेला उजेड तिच्या मिटल्या पापण्यांवर हलत राहिला.

अशा वेळी मेधा हमखास माझ्या कानाशी खिदळते, "बघ, मेलेली बाई श्वास घेतेय!" नटांच्या छातीकडे पाहण्याची तिची खोड जुनी. आज ती हसली नाही. खरे मरण ज्यांना रोज पाहावे लागते, त्यांना खोट्या मरणाचाच आधार वाटत असावा. ती पुढे वाकली, त्या छातीची अस्फुट हालचाल निरखत राहिली, आणि माझे मनगट घट्ट धरून म्हणाली,

"आहे."