इंजिन नसलेल्या गाडीचं बॉनेट

अन्याय झाला बबनभाऊ मिस्त्रींवर. जुन्या हायवेला, वलवणच्या पुढे, पत्र्याच्या शेडमध्ये ज्यांचं गॅरेज होतं ते बबनभाऊ. गेल्या जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी सव्वाअकरा. करणारा मी. हे आधीच लिहितो, कारण पुढचं वाचून तुम्ही भुताच्या मागे लागाल आणि मूळ गोष्ट राहून जाईल.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. नुसता नव्हता असं नाही — मी त्यांच्याविरुद्ध पत्रकं छापतो, आणि तळेगाव, वडगाव, कामशेतच्या स्टेशनबाहेर उभा राहून वाटतो. अंगात येणं, उतारा, करणी... सगळ्याला माझ्याकडे एका पानाचं उत्तर तयार असतं. या प्रकाराला नाही.

गाडी मामाची. जपानी, दोन दारांची, वीस वर्षांहून जुनी, टर्बोवाली — इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेली. मामा नोकरीला दुबईला गेला तेव्हा चावी माझ्या हातात देऊन म्हणाला, "आठवड्यातून एकदा फिरव. काही झालं तर फक्त बबनकडे ने." बबनभाऊ मूळचे ट्रकचे मिस्त्री, पण ही नाजूक गाडी इतकी वर्षं त्यांनीच सांभाळली होती. त्यांचा नियम एकच. घाट चढून आलं की गाडी लगेच बंद करायची नाही.

"पळून आलेल्या मान्साला तुमी लगीच झोपिवता का? मग हिला का? टर्बो आत लालबुंद झालेला असतोय. चावी फिरिवली की त्येल जागच्या जागी जळतंय. दोन मिन्टं चालू ठिवायची. दम टाकू द्यायचा."

ही दोन मिनिटं ते घड्याळात बघत नसत. आधी बॉनेटवर तळवा ठेवायचे, मग खिशातून तंबाखू काढून मळायला घ्यायचे. मळून झाली, तळहातावर दोन थापा मारून चुना उडवला, की म्हणायचे, "करा बंद." दर खेपेला हेच. मला ते कर्मकांड वाटायचं. एकदा म्हणालोही, "भाऊ, हे पण पत्रकात घालतो."

"घाला की," ते म्हणाले. "पर खाली माजं नाव टाका."

तर तो रविवार. सकाळी खोपोलीत एका बुवाविरुद्ध पत्रकं वाटली आणि परत निघालो. बोरघाट चढताना गाडी चांगली दाबली. लोणावळ्यात चहाला थांबलो, चावी फिरवली, उतरलो. दोन मिनिटं कोण थांबतंय... कित्येक महिने मी हेच करत होतो. चहा पिऊन पुन्हा निघालो आणि वलवणला डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला. मी तो पाहिला. हे वाक्य आजवर मी कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून पुन्हा लिहितो — मी तो दिवा पाहिला आणि गाडी तशीच पुढे काढली. पुढे बबनभाऊंची शेड आली. ते दारातच उभे होते. त्यांनी हात वर केला. मीही हात वर केला आणि गेलो.

कार्ला फाट्याच्या आधी खाडकन आवाज आला. मागे निळा धूर, रस्त्यावर तेलाचा पट्टा. आतला रॉड इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर आला होता. मूठ जाईल एवढं भोक.

आठच दिवसांपूर्वी बबनभाऊंनी ऑइल बदललं होतं. मला तेवढं पुरलं. पत्रकं लिहिणारा माणूस रागात फार चांगलं लिहितो. रस्त्याच्या कडेला उभं राहून मी लिहिलं, ‘सावधान. या मिस्त्रीने चांगल्या इंजिनची वाट लावली.’ त्यांचं नाव टाकलं. फोनमध्ये शेडचा जुना फोटो होता, तो जोडला. खाली जाड अक्षरात स्वतःचं नाव. फोनवरच्या मावळच्या ग्रुपवर पाठवलं तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. धूरही अजून विरला नव्हता. संध्याकाळपर्यंत तो मेसेज मलाच उलट चार जणांकडून आला.

कोणीतरी कळवलं म्हणून बबनभाऊच टेम्पो घेऊन आले आणि गाडी ओढून शेडमध्ये नेली. मेसेज त्यांनी तोवर पाहिलेला नव्हता. दोन दिवसांनी टर्बो उघडून माझ्यासमोर धरला तेव्हा पाहिलेला होता. आत तेलाचा कोळसा. "हे आट दिवसाचं न्हाई," एवढंच म्हणाले. मला कळलं होतं. हा माझ्या चुकवलेल्या दोन मिनिटांचा कोळसा. बुवा-बाबांकडून जाहीर माफी मागून घेणारा मी — मी गप्प राहिलो, कारण उद्या माझ्या पत्रकांवर कोण विश्वास ठेवेल, ही भीती.

मार्चमध्ये शेड बंद झाली. गिऱ्हाईकच येईना. बबनभाऊ आंदर मावळात आपल्या गावी गेले. गाडी मी ढकलत-ओढत तळेगावात आमच्या सोसायटीच्या बेसमेंटला आणून लावली. इंजिन वेगळं — ते तिसऱ्या मजल्यावर, माझ्या बाल्कनीत, गोणपाटाखाली. बॅटरीही काढलेली. हे नीट लक्षात ठेवा.

एप्रिलमध्ये एका रविवारी मी दूध घेऊन येत होतो. वॉचमन काकांनी हटकलं.

"दादा, गाडी चालू ठिवून कुटं गेलताव?"

"कोणती गाडी?"

"तुमची. लाल. लय गुरगुरत व्हती. मी खाली जाईस्तोवर बंद."

"काका, तिच्यात इंजिन नाही."

"मंग माज्यात आसंल," काका म्हणाले आणि रजिस्टरात डोकं घातलं.

हसलो मी. पण पुढच्या रविवारी अकरा वाजता खाली जाऊन बसलो. बेसमेंटला दिवसाही ट्यूबलाइट लागते, ऊन तिथे येत नाही. बरोबर सव्वाअकराला सुरू झालं. तीच गुरगुर, मधेच एक ठोका चुकवणारी. ती गाडी मी दोन वर्षं चालवली आहे, तो आवाज दुसऱ्या कुठल्या गाडीचा नव्हे. मी बॉनेट उघडलं. आत रिकामं. खालची फरशी दिसत होती. आणि त्या रिकाम्या जागेतून तापलेल्या तेलाचा वास आणि तोंडावर वाफ... नुकत्याच घाट चढून आलेल्या गाडीची असते तशी. मग दोन थापा. तळहातावर मारल्यासारख्या, कोरड्या. आणि शांत.

बॉनेट खाली पाडलं, हात टेकवला आणि झटकन काढला. चटका बसला.

करोनात सोसायटीने ताप मोजायची गन घेतली होती, ती पुढच्या खेपेला ऑफिसातून आणली. शेजारच्या गाडीवर धरली, ‘लो’. आमच्या बॉनेटवर धरली, ‘हाय’. जनरेटर, पाण्याचा पंप, रस्त्यावरचे ट्रक, सगळं तपासलं. काकांना आवाज येतो. पहिल्या मजल्यावरच्या जोशी काकूंना येत नाही, पण वास येतो. दर रविवारी, दोन मिनिटं. मधल्या दिवसांत काही नाही.

मे महिन्यात मी बबनभाऊंच्या गावी गेलो. त्यांची बायको — मी तिला मावशी म्हणतो — पडवीत तांदूळ पाखडत बसली होती. मला बघून आत हाक मारली, "आवो, सावधानवाले आल्यात." मग माझ्याकडे वळून, "फोनात ल्ह्यायला दोन मिन्टं न्हाई लागली. हितं यायला चार महिनं?"

बबनभाऊ बाहेर आले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. घाट, चहा, लाल दिवा.

"दिवा मला कसा दिसनार," ते म्हणाले. "पर आवाज ऐकला. म्हनून तर थांबा म्हनून हात केला."

"मला वाटलं, रामराम केलात."

"रामराम दोनी हातानं करत्यात, सायेब."

मग मी भीत भीत बेसमेंटचं सांगितलं. मावशीचं सूप थांबलं. बबनभाऊंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती वेळ चालू ऱ्हाती?"

"दोन मिनिटं."

"आन् बंद व्हायच्या आदी दोन थापा?"

थापांचं मी सांगितलं नव्हतं. माझ्याकडे न बघता ते आपल्या तळहाताकडे बघत होते. "म्या तर तंबाखू सोडली," ते म्हणाले. "शेड बंद झाली तवापास्नं. मळायची कशापायी?"

निघताना दाराआड गॅरेजचा बोर्ड दिसला, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. शेड अजून रिकामी आहे. मालक दिवाळीपर्यंत थांबणार, मग तिथे चिक्कीचं गोदाम होणार. बबनभाऊंना परत यायचं आहे. "पर लोकं म्हनत्यात, बबननं इंजिन खाल्लं," एवढंच ते म्हणाले.

त्याच दिवशी मी मामाला फोन करून खरं सांगितलं. तो अजून माझ्याशी बोलत नाही. ग्रुपवर चूक कबूल करणारा मेसेज टाकला. तिघांनी अंगठा दिला. पुढे कोणीच पाठवला नाही. पुढच्या रविवारी मी खाली गेलो, या आशेने की थांबलं असेल... थांबलेलं नव्हतं. या रविवारीही बॉनेट गरम होतं. का, मला माहीत नाही. माझ्याकडे याचं पत्रक नाही.

तुम्ही मावळातले असाल तर आत्ता फोन उघडा. ‘सावधान’ने सुरू होणारा, पत्र्याच्या शेडचा फोटो असलेला मेसेज शोधा. तो पुसू नका; खाली जाड अक्षरात आहे ते नाव माझं. ज्या ज्या ग्रुपवर तुम्ही तो ढकललात, त्या प्रत्येक ग्रुपवर, दिवाळीच्या आत, हे पाठवा — लाल दिवा चालवणाऱ्याने पाहिला होता, बबन मिस्त्रींनी थांबा म्हणून हात केला होता, तो थांबला नाही.

आणि खाली माझं नाव टाका.