रुमालाखालची दोन बोटं

आमच्या हेराच्या सिनेमाचा तिसरा भाग करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी दादाने अंग काढून घेतलं. पहिले दोन भाग त्यानेच दिग्दर्शित केले होते, लिहिले मी होते आणि संगीत वहिनींचं होतं. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत, सुट्टीच्या दिवशी, मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर केलेले हे सिनेमे. नायक द्राक्षांच्या टेम्पोचा ड्रायव्हर आणि आतून सरकारचा गुप्तहेर. क्रेटच्या तळाशी, कागदाच्या खाली त्याचे निरोप. लोकांनी ते फोनवर पाहिले, गणपतीत मंडळांनी पडदा बांधून लावले, आणि आम्ही तिघं उगीचच ताठ मानेने चालायला लागलो.

मग पिंपळगावचे एक द्राक्ष व्यापारी तिसऱ्या भागात पैसे घालायला तयार झाले. त्यांची अट एकच होती. दिग्दर्शक आणि संगीतकार निवडून घ्यायचे, ओळखीपाळखीवर नाही. दादा म्हणाला, "माझं बास झालं. घाटात शूटिंग करायचं म्हणजे माझे गुडघे आधी राजीनामा देतील." वहिनी मात्र म्हणाल्या, "मी उतरणार हं. सगळ्यांसारखीच."

वहिनी बँकेतून निवृत्त झाल्या आणि त्यानंतर वर्षभर त्या घरात नुसत्या हरवल्यासारख्या वावरायच्या. मग मुलाने टाकून दिलेला कीबोर्ड त्यांनी पुसला आणि आमच्या हेराची धून बसवली. भाजी घेताना कुणी तरी विचारायचं, "ती टेम्पोची धून तुमचीच ना?" त्या दिवशी स्वयंपाकघरातून हसणं ऐकू यायचं. ती धून गेली असती तर त्यांचं काय जाणार होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं सांगताना माझी मला लाज वाटते.

निवड त्या व्यापाऱ्यांच्या, म्हणजे शेठच्या, शेडमध्ये झाली. परीक्षक तिघं: शेठ, नाटकं बसवणारे एक निवृत्त मास्तर, आणि लेखक म्हणून मी. प्रत्येक कामाला फक्त नंबर, नाव नाही. मत देण्याची पद्धत शेठच्या आजोबांच्या वेळची. पूर्वी बाजारात भाव असाच ठरायचा म्हणे, रुमालाखाली, चारचौघांत आणि तरी कुणाला न कळता. शेठ हात पुढे करून त्यावर पंचा टाकायचे. आपण खाली हात घालायचा आणि जो नंबर आवडला तितकी त्यांची बोटं धरायची. "एकाचं बघून दुसऱ्यानं मान डोलवायची नाय," शेठ म्हणाले. "हितं ज्याचं त्याला."

दिग्दर्शकाचं काम सोपं निघालं. सगळ्यांना एकच प्रसंग दिला होता. एका मुलीने तो हरसूलच्या आठवडी बाजारात घेतला होता. हेर मिरच्यांच्या ढिगापाशी घासाघीस करतोय आणि मागचा माणूस त्याच्यावर डोळा ठेवून आहे, एवढंच. आम्ही तिघांनी तिलाच निवडलं. दादाने फोनवर ऐकलं आणि मनापासून खूश झाला.

त्यानंतर चहा प्यायला मी कोपऱ्यावरच्या टपरीवर गेलो. निवड न झालेल्यांपैकी दोघं पाठमोरे उभे होते. एक म्हणाला, "संगीत काय, वहिनीच करणार. घरचा कारभार आहे. भावाला काढल्याचं नाटक करून त्याच्या बायकोला ठेवतील." दुसरा हसला. मी चहा तसाच ठेवून परत आलो. माझा स्वभाव तापट आहे, पण त्या दिवशी मी भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. तो राग मी तसाच आत घेऊन पंच्यापाशी येऊन बसलो.

संगीतासाठी सगळ्यांना एक मुका पाठलाग दिला होता. हेराचा टेम्पो सुरू होत नाही, मागून जीप येतेय, आणि शेवटच्या क्षणी इंजिन धरतं. दोन जणांचीच कामं शेवटपर्यंत उरली. एक नंबरचं काम लावलं आणि काहीच ऐकू येईना. फक्त स्टार्टरची घरघर. पुन्हा घरघर. शेठ पुढे सरकून बसले. इंजिनाने धरलं आणि त्याच सुरातून, अगदी त्याच सुरातून, एक नवीच धून उठली. मला आठवलं, पहिल्या भागाच्या वेळी वहिनी म्हणाल्या होत्या, "भाऊजी, टेम्पो सुरू होत नाही तोवर मी काही वाजवणार नाही. लोकांना श्वास धरून बसू दे." नंबर कसला नि काय, त्या समोर येऊन बसल्यासारख्याच वाटल्या.

दोन नंबर पुण्यातल्या कुणाचा तरी होता, हे नंतर कळलं. पहिल्या क्षणापासून ढोल, तुतारी, सगळं एकदम. वाईट नव्हतं. एक नंबर मात्र कितीतरी चांगला होता.

मास्तरांनी पंच्याखाली हात घातला, काढला. मग मी घातला. शेठचा तळहात खरखरीत आणि कोमट होता. मी एक बोट धरलं. मग टपरीवरचं हसणं आठवलं, आणि मी दुसरंही धरलं.

"दोन नंबर," शेठ म्हणाले. जाताना गाडीपाशी त्यांनी मला हळूच सांगितलं, "माझं मन एकावर हुतं बगा. लय भारी हुतं ते. पण तुम्ही दोघं जाणकार." म्हणजे माझं एक बोट सुटलं असतं तर पुरलं असतं. मी प्रामाणिकपणा केला असं स्वतःला बरेच दिवस सांगून पाहिलं. आपल्या माणसाला ओळखलं म्हणून त्याचं काम पाडायचं, हा कसला प्रामाणिकपणा? लोकांच्या तोंडाला भिऊन केलेलं काम होतं ते, दुसरं काही नाही.

सिनेमा झाला. शेठच्या शेडमध्येच पडदा लावून पहिल्यांदा दाखवला, दुपारी. वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. पाठलाग सुरू झाला, ढोल वाजले, लोकांनी शिट्ट्या मारल्या. वहिनीही टाळ्या वाजवत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी डब्यातला चिवडा माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? माझं कितव्या नंबरला होतं, ओळखलंत का तुम्ही?"

मी चिवड्याकडे बघत म्हणालो, "नाही हो वहिनी. नाही कळलं."

त्यांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. "मग ठीक. मला आपलं इतके दिवस वाटत होतं, ओळखूनसुद्धा तुम्हाला आवडलं नसेल." आणि हसून पुढे म्हणाल्या, "आता कीबोर्ड काढायला हरकत नाही."

म्हणजे इतके दिवस तो बंद होता. मी एकाच घरात राहतो आणि मला तेही कळलं नव्हतं. खरं सांगावं असं तोंडापर्यंत आलं. पण खरं सांगितलं तर त्यांचा हा मोकळा झालेला श्वास पुन्हा अडकणार होता. मी चिवडा खाल्ला.

परतताना गाडी मी चालवत होतो. दादा पुढे, वहिनी मागे. हायवेला लागलो तशा त्या गुणगुणायला लागल्या. आधी नुसती घरघर, गळ्यातल्या गळ्यात. मग थांबून तो सूर.

"हे माझं होतं," त्या मागून म्हणाल्या. "आता तरी ओळखलंत का भाऊजी?"

"हो," मी म्हणालो. "आता ओळखलं."